असाइनमेंटला येतो संत्र्याचा वास!

‘पुरवठा साखळी म्हणजे काय ते सांगून तिचे महत्त्व सविस्तर विशद करा.’

काय, ओळखीचं वाटतंय ना? नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए करत असाल किंवा राहून गेलेलं बीकॉम पूर्ण करत असाल, तर असला एखादा प्रश्न तुमच्याही स्क्रीनवर येऊन बसलेला असणारच. रविवारची रात्र, ११ वाजून ५९ मिनिटांची डेडलाइन, एका हातात मॅगीचा बाउल आणि दुसऱ्या हातानं कॉपी-पेस्ट! पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात ‘सोडवलेल्या असाइनमेंट’ मिळायच्या. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर सीनियरची पीडीएफ फिरायला लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पीडीएफ शोधायचे कष्टही वाचले. प्रश्न टाका, उत्तर घ्या, नाव बदला, सबमिट. झोपा!

आता गंमत बघा. प्रश्न मशीननं सोडवला. कित्येकदा तपासतंही मशीनच. मधल्या मध्ये तुम्ही कशाचे पैसे भरले हो?

हा प्रश्न मला जरा जास्तच टोचतो, कारण असले प्रश्न ज्या टेबलावर तयार होतात त्या टेबलावर मी बसते. विद्यापीठांच्या ऑनलाइन कोर्सची आखणी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. विषय प्राध्यापकांचा असतो. तो पडद्यावर कसा उतरेल, कुठल्या आठवड्यात काय येईल आणि पोरांना विषय आला की नाही हे कसं कळेल, ते मी बघते. ‘म्हणजे तू मास्तरीण का कॉम्प्युटरवाली?’ असं माझी आजी विचारते. दोन्ही नाही आणि दोन्ही आहे, हेच त्यावर खरं उत्तर!

तीस-सत्तरचं गणित

आधी एक सांगते. कंटाळवाणे प्रश्न काढणारे प्राध्यापक आळशी नसतात. त्यांच्याभोवतीची चौकटच तशी असते. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे ऑनलाइन पदवीत सत्रभराच्या कामाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्राअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के वजन असतं. आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एनपीटीईएलचंच घ्या. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये त्यातल्या त्यात चांगल्या ८ असाइनमेंटचे २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. मार्क जिकडे, मन तिकडे! त्यात एका परीक्षकापुढे शेकडो उत्तरं. मग चार पर्याय देऊन एकावर टिक मारायला सांगणं सगळ्यात सोपं. २०२० च्या करोनाकाळात राज्यातल्या अनेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाची परीक्षा अशीच बहुपर्यायी पद्धतीनं मोबाइल-लॅपटॉपवर घेतली. तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. पण ती बॅच पुढे नोकरीला लागल्यावर ‘करोना बॅच का?’ म्हणून कित्येकांना टोमणे ऐकावे लागले, हेही आपण विसरायला नको.

सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं स्पष्ट सांगितलं, की मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. कागदावर प्रश्न मिटला. पण इंटरव्ह्यूच्या टेबलापलीकडचा एचआर मनात म्हणतोच, ‘घरी बसून केलंय नं बाप्पा!’ त्याचं तोंड बंद करायला नियम पुरत नाही. त्याच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी खरंखुरं काम लागतं.

वर्ध्याची टकळी

खरं काम देऊन परीक्षा घ्यायची, ही कल्पना परदेशातून आलेली फॅशन आहे असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत ग्रँट विगिन्स या शिक्षणतज्ज्ञानं १९८९ मध्ये हा मुद्दा जोरात मांडला हे खरं. त्या क्षेत्रातली माणसं प्रत्यक्षात जे करतात, तेच विद्यार्थ्याला करायला लावा आणि तेच तपासा, असं त्याचं म्हणणं. पण आपल्या नागपूरपासून तासा-दीड तासावरच्या वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींच्या पुढाकारानं. तिथूनच ‘नई तालीम’ पुढे आली आणि झाकिर हुसेन समितीनं तिचा आराखडा केला. पोरानं टकळीवर सूत कातायचं आणि त्या सुताच्या लांबीवरून, वजनावरून गणित शिकायचं. सूत तुटलं तर तुटलं, ते काही घोकून जोडता येत नाही!

मग १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. फळबाग, भाजीपाला असे शेतकऱ्याच्या बांधावरचे विषय या विद्यापीठानं अभ्यासक्रमात आणले. म्हणजे शिकणारा घरी आहे, कामावर आहे, शेतात आहे, ही अडचण नसून सोय आहे, हे आपल्याकडे फार आधी कुणाला तरी उमगलं होतं. ऑनलाइनच्या झगमगाटात आपण नेमकं तेच विसरलो. गंगा घरोघरी गेली, पण घरात काय चाललंय ते विचारायचं राहून गेलं.

‘ते तं आमच्या घरचं हाय!’

माझ्यापुरतं हे सगळं पुस्तकातून बाहेर आलं ते २०२३ च्या जुलै सत्रात. एका विद्यापीठाच्या ऑनलाइन एमबीएचा ऑपरेशन्सचा पेपर आम्ही नव्यानं बांधत होतो. जुन्या बॅचची उत्तरं चाळली, तर सगळ्यांच्या पुरवठा साखळीत वॉलमार्ट आणि ॲमेझॉन. नवीन बॅचमधली एक मुलगी कळमेश्वरची. वय सव्वीस. दिवसा तिथल्याच एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्सचं काम आणि रात्री एमबीए. पहिल्या ऑनलाइन भेटीत मी सहज विचारलं, ‘घरी काय असतं तुझ्या?’

‘संत्र्याची बाग हाय मॅडम. तीनशेक झाडं. बाबा न काका पाहतेत.’

‘मग माल कुठे जातो?’

‘व्यापारी येते, झाडावरच सौदा होते. नाई तं कळमन्याले.’

‘अगं, मग हीच लिही की पुरवठा साखळी!’

पोरगी दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, ‘मॅडम, ते तं आमच्या घरचं हाय. त्याले काय पुरवठा साखळी म्हनतेत?’

हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. जे घरचं आहे ते ज्ञान नाही आणि जे पुस्तकातलं आहे ते आपलं नाही! एवढी दरी सोळा-सतरा वर्षांच्या शिक्षणानं खणून ठेवलेली.

कळमेश्वर ज्यांनी फक्त काटोलकडे जाताना गाडीच्या काचेतून पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. नागपूरच्या पश्चिमेला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. एकीकडे एमआयडीसी, तिथे जेएसडब्ल्यूचा कोटेड स्टीलचा कारखाना. दुसरीकडे कापूस आणि संत्री. तालुक्यातच धापेवाडा, विदर्भाची पंढरी. ऑपरेशन्स शिकायला अमेरिकेला जायची गरजच काय? रोज डोळ्यांसमोरून ट्रक जातायत!

तीस मार्कांचा सौदा

मग आम्ही त्या ३० मार्कांची नवी वाटणी केली. ‘तुमच्या रोजच्या पाहण्यातली कुठलीही एक वस्तू निवडा. ती निघते तिथपासून विकली जाते तिथपर्यंत तिच्या मागे जा. आणि त्यातला निर्णय ज्याच्या हातात आहे, अशा एका खऱ्या माणसाला एका पानात लेखी सल्ला द्या.’ तिसऱ्या आठवड्यात साखळीचा नकाशा, ५ मार्क. सहाव्या आठवड्यात आकड्यांचा तक्ता, पुराव्यासकट, १० मार्क. दहाव्या आठवड्यात एक पानाचा सल्ला, १० मार्क. आणि शेवटी व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं तोंडी, ५ मार्क. बस्स.

हप्ते का? तर शेवटच्या रात्री सगळं उरकता येऊ नये म्हणून. आणि नकाशा चुकलाय हे तिसऱ्या आठवड्यात कळलं तर दहाव्यापर्यंत सुधारता येतं म्हणून. एकच पान का? कारण वडील असोत की कंपनीचा मॅनेजर, चाळीस पानं कुणीच वाचत नाही!

कळमेश्वरच्या पोरीनं काय केलं ते ऐका. अंबिया बहराचं फळ साधारण ऑक्टोबरपासून तोडणीला येतं. त्याआधीच व्यापारी बागेत चक्कर मारतो, नजरेनं अंदाज घेतो आणि ठोक भाव सांगतो. तिचे वडीलही अंदाजच घेणार. म्हणजे अंदाजाविरुद्ध अंदाज, आणि घासाघीस करण्यात व्यापारी मुरलेला. हिनं काय करावं? तीनशे झाडांना नंबर दिले, चिठ्ठ्या टाकून वीस झाडं काढली आणि काकांना सोबत घेऊन दोन रविवार त्या झाडांवरची फळं मोजली. थोडी फळं तोडून वजन केलं, बारीक फळ म्हणजे आपली चुरी किती निघते तेही बघितलं. सॅम्पलिंग आदल्या सत्रातच शिकून झालेलं. तिथे मार्कही चांगले पडलेले. पण ते आपल्या बागेत चालतं हे पहिल्यांदाच कळत होतं.

मग कळमन्याचा तक्ता. तोडणीची मजुरी, क्रेट, गाडीभाडं, बाजारातला खर्च. समजा ५०० क्रेट नेले आणि त्यातले ५० चुरीचे निघाले, तर गाडीभाडं पाचशेचं लागतं पण चांगला भाव साडेचारशेलाच मिळतो. म्हणजे बागेतच निवड केली तर भाडं वाचतं. एवढी साधी गोष्ट, पण कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

हिशेब केल्यावर दिसलं ते असं: तिच्या मोजणीत बागेतला माल व्यापाऱ्याच्या अंदाजापेक्षा बराच जास्त होता. वाटलं, आता ही लिहिणार, ‘बाबा, झाडावर विकू नका.’ पण तिनं लिहिलं, ‘अर्धी बाग ठोक भावात विका, अर्धी आपण तोडून बाजारात न्या.’ कारणं दोन. बँकेच्या हप्त्यापुरती रक्कम हातात पक्की हवी. आणि दुसरं, बांगलादेश. आपल्या संत्र्याचं ते मोठं गिऱ्हाईक. त्या देशानं २०१९ पासून संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि २०२३ पर्यंत ते चौपटीच्या वर गेलं. ‘तिकडं माल गेला नाही तर तो इथंच कळमन्यात उतरेल आणि भाव पडेल,’ हे तिचं वाक्य. कळमेश्वरच्या बागेतून थेट ढाक्यापर्यंत गेलेलं एक पान!

सल्ला चुकला का?

वडिलांनी ऐकलं. अर्धी बाग व्यापाऱ्याला दिली, अर्धी ठेवली. आणि त्या वर्षी भाव पडले. स्वतः तोडून नेलेल्या मालाला खर्च वजा जाता ठोक सौद्यापेक्षा कमीच मिळालं.

घरी काय झालं असेल याची कल्पना करा. वडील काही बोलले नाहीत, पण काकांनी सुनावलंच, ‘शिकून शिकून नुकसान करून राहिली.’ पोरीचा रात्री मेसेज आला, ‘मॅडम, माझे मार्क पण जातील का?’

इथे खरी परीक्षा सुरू झाली, तिची नाही, आमची. आमच्या एका परीक्षकाचं मत पडलं, की सल्ला प्रत्यक्षात फसला, तर मार्क कापायलाच हवेत. खऱ्या जगाची परीक्षा म्हणता ना, मग खऱ्या जगात चूक महागात पडते! मुद्दा बिनतोड वाटतो. मलाही त्या रात्री झोप आली नाही. आपण काढलेल्या प्रश्नापायी कुणाच्या तरी घरात खरे पैसे हलले होते. बहुपर्यायी प्रश्नानं आजवर कुणाची बाग हलवलेली नाही.

पण मी अडून बसले. निकालाला मार्क द्यायचे तर ते बाजारभावाला दिल्यासारखे होतील, पोरीला नाही. भाव चढला असता तर नुसत्या नशिबावर ठोकून दिलेल्या सल्ल्यालाही पैकीच्या पैकी द्यावे लागले असते! तपासायचं ते एवढंच. ज्या दिवशी सल्ला लिहिला त्या दिवशी काय माहीत होतं, ते तिनं नीट गोळा केलं का? आकडे पडताळता येतात का? धोका ओळखला का आणि त्याप्रमाणे सल्ला बेतला का? तिनं धोका लिहिला होता आणि त्याच भीतीनं अर्धी बाग आधीच विकायला सांगितली होती. सगळी ठेवली असती तर काय झालं असतं, ते काकांनाही मोजता आलं असतं. शिवाय प्रत्यक्ष तोडणीनंतर एक गोष्ट सिद्धच झाली. माल किती निघेल हा तिचा अंदाज व्यापाऱ्याच्या अंदाजापेक्षा खऱ्याच्या कितीतरी जवळ होता.

बरीच वादावादी झाली. अखेर तिला ३० पैकी २६ मिळाले. आणि आमच्या कसोटीपत्रकात एक ओळ ठळक अक्षरात आली: ‘मार्क निर्णयामागच्या विचाराला आहेत, निर्णयाच्या नशिबाला नाहीत.’ प्रश्नासोबतच ही ओळ विद्यार्थ्यांना आधी दाखवायची, असंही ठरलं. आणखी एक. कुणाच्या घरचा पैसा गुंतणार असेल, तर सल्ला द्यायच्या आधी त्या विषयातल्या जाणत्या माणसाला दाखवायचा, ही अट घातली.

बाग नसेल तर?

आता तुम्ही म्हणाल, ‘आमच्या घरी बाग नाही, आम्ही काय करायचं?’ बरोबर आहे. पण टपरी आहे ना? मेस आहे, मेडिकल स्टोअर आहे, सोसायटीचं पाणी आहे. त्याच बॅचमध्ये एकानं ऑफिसखालच्या चहावाल्याचं दूध मोजलं. एका कारखान्यातल्या शिफ्ट इंजिनीअरची अडचण वेगळी. कंपनीचे आकडे बाहेर द्यायची परवानगी नाही. त्यानं आधी मॅनेजरला विचारलं, मग सगळे आकडे एकाच गुप्त संख्येनं गुणून टाकले. प्रमाण तेच राहतं, गुपित गुपित राहतं. असला जुगाड कुठल्या पुस्तकात सापडणार?

आणि चॅटजीपीटी? वापरा की! भाषा सुधारून घ्या, तक्ता नीट करून घ्या, फक्त कुठे वापरलं ते लिहा. वीस झाडांवरची फळं त्याला मोजता येत नाहीत. आणि तोंडी परीक्षेत ‘हा आकडा कुठून आणला?’ असं विचारलं, की दुसऱ्याकडून लिहून घेतलेला माणूस अर्ध्या मिनिटात उघडा पडतो. ज्यानं मोजलंय त्याला मात्र थांबवावं लागतं, इतका तो बोलत सुटतो.

फुकट मात्र काहीच नाही. ६० जणांची पाच-पाच मिनिटं म्हणजे सलग पाच तास. वर तपासणी वेगळी. हा वेळ विद्यापीठानं परीक्षकाच्या कामात धरायला हवा, नाहीतर दुसऱ्याच सत्रात सगळे परत ‘विशद करा’वर येतात. आणि प्रत्येक गोष्टीला असं करायचंही नसतं. नफ्या-तोट्याचं सूत्र येतं की नाही हे दहा प्रश्नांच्या साध्या क्विझमध्ये कळतं. त्यासाठी कुणाला बागेत पाठवायची गरज नाही.

म्हणून पुढच्या वेळी ऑनलाइन पदवीची जाहिरात बघाल, तेव्हा फी आणि लोगोच्या आधी दोन गोष्टी विचारा. पहिली: या कोर्समध्ये मी असं काय करणार, जे इंटरव्ह्यूला टेबलावर ठेवता येईल? दुसरी: ते कोण वाचणार, माणूस की मशीन? फोनवरची गोड आवाजातली काउन्सेलर अडखळली, तर काय ते समजा!

आणि ते उरलेले ७०? पोरगी पास झाली, मार्क बेताचेच. सत्राअखेरच्या पेपरात बागेबद्दल कुणी काही विचारलं नाही. ती चौकट बदलणं माझ्या हातात नाही. पण पुढच्या वर्षी संत्री भरायला लागली, तेव्हा तिनं मला एक निरोप कळवला. वडिलांनी स्वतःहून विचारलं होतं म्हणे, ‘ते झाडं मोजाचं काम औंदा कवा करतं?’